टेरियर म्हणजे नेमका कोणता कुत्रा?

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने सगळ्या राज्यांना एक पत्र धाडलं. माणसाच्या जिवाला धोका ठरतील अशा कुत्र्यांच्या आयातीला, पैदाशीला आणि विक्रीला परवानगी देऊ नका, ज्यांच्या घरी असे कुत्रे आधीच आहेत त्यांनी त्यांची नसबंदी करून घ्यावी, असा त्या पत्राचा मथितार्थ. सोबत जातींची यादी. ‘२३ जातींवर बंदी’ असे मथळे झळकले, यादीत पिटबुल आणि रॉटवायलर दिसले, आणि बहुतेकांनी पुढे वाचलंच नाही.

पुढे वाचलं असतं तर रॉटवायलर आणि ऱ्होडेशियन रिजबॅक यांच्या मधोमध एक शब्द सुटाच पडलेला दिसला असता: ‘टेरियर्स’. कोणते टेरियर? ते काही लिहिलेलं नव्हतं. अक्षरशः अर्थ घ्यायचा तर कपाळावर रिबन बांधलेला, जेमतेम तीन किलोचा यॉर्कशायर टेरियरही त्या पत्राने धोकादायक ठरवला होता. पुढे १६ एप्रिलला दिल्ली उच्च न्यायालयाने हे पत्र रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं होतं. त्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानेही ते रद्द ठरवलं. पण तो एक शब्द यादीत गेला कसा, हे समजून घ्यायचं तर टेरियर ही काय भानगड आहे, तिथपासून सुरुवात करायला हवी.

शब्द मातीतला, काम बिळातलं

लॅटिनमध्ये ‘टेरा’ म्हणजे जमीन, माती. त्यावरून फ्रेंचमध्ये बिळाला ‘टेरियर’ म्हणू लागले, आणि बिळात शिरणाऱ्या कुत्र्याला ‘शियाँ टेरियर’. इंग्रजांनी त्यातला कुत्रा गाळला आणि बीळ ठेवलं. जॉन कायस या इंग्रज वैद्याने १५७० साली ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यातही हा कुत्रा आहे, आणि तिथेही त्याची ओळख कामावरूनच दिली आहे: कोल्हा आणि बॅजर (बीळ खणून राहणारं एक जनावर) यांच्या मागे जमिनीत उतरणारा.

हे काम नीट पाहिलं तर कुत्र्याचं शरीर आणि स्वभाव दोन्ही उलगडतात. इंग्लंडमध्ये कोल्ह्याची शिकार घोड्यांवरून व्हायची. लांब पायांचे हाउंड कुत्रे वासावर धावत, त्यांच्यामागे स्वार. कोल्हा हुशार, तो पळता पळता एखाद्या बिळात घुसायचा. हाउंडला तिथे काही करता येत नाही, तो मोठा. मग खोगिराला बांधलेल्या थैलीतून किंवा माणसाच्या काखोटीतून आणलेला छोटा कुत्रा बिळात सोडायचे. त्याने आत जाऊन कोल्ह्याला मारून टाकायचं नाही. त्याने समोर उभं राहून भुंकायचं, इतकं भुंकायचं की कोल्हा दुसऱ्या तोंडाने बाहेर पडेल, नाहीतर वरच्या माणसांना आवाजावरून कुठे खणायचं ते कळेल. काळोखात, मालक दिसत नसताना, आपल्याएवढ्याच जनावरासमोर एकट्याने टिकायचं. हुकूम ऐकायला तिथे कुणी नाही, निर्णय स्वतःच घ्यायचा. टेरियर पाळणारे ‘ऐकतच नाही हो’ म्हणून तक्रार करतात, त्या हट्टीपणाची मुळं इथे आहेत.

जॅक रसेल टेरियरच्या जातकुळीतल्या कुत्र्यांच्या स्पर्धेत आजही परीक्षक एक गोष्ट हमखास करतो. कुत्र्याच्या पुढच्या पायांमागे दोन्ही हात घालून छातीभोवती पकड करतो; अंगठे वर पाठीवर, बोटं खाली. सरासरी आकाराच्या हातांची बोटं खाली एकमेकांना टेकली पाहिजेत. टेकली नाहीत तर छाती फार रुंद, म्हणजे हा कुत्रा कोल्ह्याच्या बिळात अडकणार. परीक्षक मग बोटांनी हलकेच दाबून पाहतो, कारण बिळात वळताना बरगडी थोडी दबली पाहिजे. बऱ्याच टेरियरांची शेपटी जाड, ताठ आणि मुठीत मावेल एवढी असते, तीही अशीच: अडकलेल्या कुत्र्याला ओढून काढायची मूठ.

पुढचं विशेषण कुठून येतं?

आपल्या आडनावांसारखंच आहे हे. कुलकर्णी, पोतदार, चौगुले ही कामाची आडनावं. सातारकर, चिपळूणकर ही गावाची. ‘टेरियर’ हा मागचा भाग कामाचा, आणि पुढचा भाग बहुतेक वेळा गावाचा. आणि आजच्या कुलकर्ण्यांना गावचं दप्तर लिहिता येईलच याची जशी खात्री नाही, तशीच आजच्या टेरियरलाही बीळ माहीत असेलच असं नाही.

गावांची यादी मोठी आहे. एअरडेल म्हणजे यॉर्कशायरमधल्या एअर नदीचं खोरं. बेडलिंग्टन हे नॉर्थम्बरलंडमधलं कोळशाच्या खाणींचं गाव. तिथला कुत्रा दिसायला कोकरासारखा, पण खाणकामगार त्याला उंदरांवर सोडत. सीलिहॅम हे वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरमधल्या एका वाड्याचं नाव, जिथे कॅप्टन जॉन एडवर्ड्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपले कुत्रे तयार केले. लेकलँड हा तळ्यांचा प्रदेश, बॉर्डर म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा. आयर्लंडमध्ये केरी हा परगणा आणि ग्लेन ऑफ इमाल ही विकलो परगण्यातली दरी, दोघांच्या नावाचे टेरियर आहेत.

आता प्रश्न असा, की ही सगळी नावं एवढ्याशा मुलखातून, आणि साधारण एकाच काळात का आली?

त्या टापूत प्रत्येक खोऱ्यात थोडा वेगळा कुत्रा होता हे खरं, पण शेतकऱ्याला त्याला नाव द्यायची गरज नव्हती. त्याच्यासाठी तो फक्त टेरियर. नावाची गरज पडली ती प्रदर्शनं सुरू झाल्यावर. १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं संघटित प्रदर्शन भरलं आणि १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. केनेल क्लब म्हणजे कुत्र्यांच्या वंशावळीची नोंदवही ठेवणारी संस्था. कोणती जात मानायची आणि तिची उंची, कान, रंग कसे हवेत हे ती ठरवते. प्रदर्शनात बक्षीस द्यायचं तर वर्ग पाडावे लागतात, आणि वर्गाला नाव लागतं. बाजारपेठ, रेल्वे आणि मध्यमवर्गाच्या हातात आलेला पैसा, हे सगळं त्यामागे होतंच.

यॉर्कशायर टेरियरची गोष्ट यासाठी फार बोलकी. हा मूळचा यॉर्कशायरचा नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडचे विणकर गिरण्यांत काम शोधत यॉर्कशायर आणि लँकेशायरला आले, येताना आपले उंदीर मारणारे लांब केसांचे कुत्रे घेऊन आले. प्रदर्शनांत त्यांना सुरुवातीला ‘स्कॉच टेरियर’च म्हणत. १८७० च्या सुमारास एका वार्ताहराने लिहिलं की यांच्यात एवढी सुधारणा यॉर्कशायरमध्ये झाली आहे, तर यांना यॉर्कशायर टेरियर म्हणावं. नाव चिकटलं. हडर्सफील्डचा बेन नावाचा एक कुत्रा आजच्या सगळ्या यॉर्कींचा मूळपुरुष मानला जातो. तो १८६५ साली जन्मला आणि सहाच वर्षं जगला. स्थलांतरित मजुरांचा कुत्रा स्थानिक नावाने प्रसिद्ध झाला आणि पुढे श्रीमंतांच्या मांडीवर जाऊन बसला. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास माहीत असलेल्याला यातला पहिला अर्धा भाग तरी परका वाटणार नाही.

नावावरून भांडणं

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर स्काय नावाचं बेट आहे. तिथला टेरियर राणी व्हिक्टोरियाच्या पसंतीला उतरला, आणि लांब, जमिनीला टेकणाऱ्या केसांचा प्रकार ‘स्काय टेरियर’ म्हणून मानाला पोचला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही जणांनी आखूड केसांचे, कामाचे कुत्रे ‘आखूड केसांचे स्काय’ म्हणून प्रदर्शनात आणले. स्कायवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं. शेवटी १९१२ साली या कुत्र्यांना वेगळं नाव मिळालं: केर्न. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात रचलेल्या दगडांच्या ढिगाला केर्न म्हणतात. कोल्हे आणि पाणमांजरं अशा ढिगांत दडत. सगळ्या नावांमध्ये मला हे सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण ते कुत्र्याच्या कामाची नेमकी जागा सांगतं.

नॉर्विच आणि नॉरफोक यांचं तर आणखी मजेशीर. नॉर्विच हे शहर, नॉरफोक हा त्याचा परगणा. १९३२ साली नॉर्विच टेरियरला मान्यता मिळाली तेव्हा त्यात उभ्या कानांचे आणि पडलेल्या कानांचे असे दोन्ही होते. १९६४ साली ब्रिटिश केनेल क्लबने पडक्या कानवाल्यांना नॉरफोक हे वेगळं नाव दिलं. अमेरिकेने तेच १९७९ साली केलं. म्हणजे मधली पंधरा वर्षं एकच कुत्रा विमानात बसून अटलांटिक ओलांडला की त्याची जात बदलायची.

माणसांच्या नावाचे दोघे

जॅक रसेल हा खरा माणूस. जॉन रसेल, जन्म १७९५, धंदा पाद्र्याचा आणि जीव शिकारीत. ऑक्सफर्डला शिकत असताना १८१९ साली त्याने एका दूधवाल्याकडची ट्रम्प नावाची पांढरी, डोळ्यांवर आणि कानांवर तपकिरी ठिपके असलेली कुत्री विकत घेतली, आणि तिच्यापासून वंश वाढवला. नंतर तो डेव्हनमधल्या स्विमब्रिजला बरीच वर्षं पाद्री होता. पांढऱ्या रंगाचा आग्रह नखऱ्यासाठी नव्हता. बिळातून मातीने माखून बाहेर आलेला तांबूस कुत्रा हाउंडना आणि बंदूकवाल्यांना कोल्हाच वाटू शकतो. वेस्ट हायलँड व्हाइट टेरियरच्या पांढऱ्या रंगामागेही हीच कथा सांगतात: पोल्टालॉकच्या कर्नल माल्कम यांचा लाडका तांबूस कुत्रा कोल्हा समजून मारला गेला, आणि त्यानंतर त्यांनी फक्त पांढरेच पाळले.

गंमत अशी की रसेल स्वतः केनेल क्लबच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी, तरी त्याच्या नावाच्या कुत्र्याला क्लबची मान्यता मिळायला १९९० साल उजाडलं. तेही ‘पार्सन जॅक रसेल’ म्हणून. पुढे त्यातला जॅक गळला. आखूड पायांचा, आपल्याकडे शहरांत दिसतो तो जॅक रसेल ब्रिटनमध्ये २०१६ साली स्वतंत्र जात ठरला.

दुसरा माणूस कादंबरीतला. वॉल्टर स्कॉट यांच्या १८१५ सालच्या ‘गाय मॅनरिंग’मध्ये डँडी डिनमाँट नावाचा एक शेतकरी आहे. त्याचे सगळे कुत्रे एकतर पेपर नाहीतर मस्टर्ड, म्हणजे मिरी किंवा मोहरी. म्हातारा मिरी, तरणा मिरी, छोटा मिरी. पुस्तक गाजलं, आणि सीमाभागातल्या हिंडली शेतावरच्या जेम्स डेव्हिडसनला लोक डँडी म्हणू लागले, कारण त्याच्याकडे खरोखरच त्याच नावांचे कुत्रे होते. कुत्र्यांच्या जातीचं नाव पडलं डँडी डिनमाँट. आजही तिचे अधिकृत रंग दोनच: मिरी आणि मोहरी.

मग पिटबुल यात कसा आला?

इथे गोष्ट बिळातून बाहेर येते आणि काळी होते. इंग्लंडमध्ये खुंट्याला बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडायचा खेळ शतकानुशतकं चालला. त्या कामाचा कुत्रा बुलडॉग. ‘बुल’ म्हणजे तोच बैल. १८३५ साली कायद्याने हे बंद झालं. बैल लपवता येत नाही, पण दोन कुत्रे तळघरात झुंजवता येतात. झुंजीसाठी बुलडॉगची ताकद आणि टेरियरची चपळाई हवी, म्हणून दोघांचा संकर झाला आणि त्याला ‘बुल अँड टेरियर’ म्हणू लागले. ज्या खड्ड्यात झुंजी व्हायच्या, किंवा शे-दोनशे उंदीर सोडून कुत्रा ते किती वेळात मारतो यावर पैजा लागायच्या, तो खड्डा म्हणजे ‘पिट’. पिट-बुल-टेरियर या नावात झुंजीची जागा, एक पूर्वज आणि दुसरा पूर्वज एवढंच आहे.

याच कुळातून तीन-चार जाती वेगळ्या झाल्या. बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्सने १८६० च्या दशकात पांढरा, अंडाकृती डोक्याचा बुल टेरियर केला. स्टॅफर्डशायर बुल टेरियरला १९३५ साली मान्यता मिळाली. अमेरिकेत मात्र घोळ झाला. तिथल्या युनायटेड केनेल क्लबने १८९८ पासून ‘अमेरिकन पिट बुल टेरियर’ नोंदवले. प्रतिष्ठित अमेरिकन केनेल क्लबला ‘पिट’ शब्द नको होता, म्हणून त्याने १९३६ साली त्यांच्याच भाईबंदांना ‘स्टॅफर्डशायर टेरियर’ नावाने घेतलं आणि १९७२ साली पुढे ‘अमेरिकन’ जोडलं. एकच कुत्रा दोन वह्यांत दोन नावांनी असल्याची उदाहरणं भरपूर होती. आणि आपल्या २०२४ च्या यादीत? पिटबुल टेरियर आणि अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर या दोन वेगळ्या नोंदी, वर पुन्हा सुटा ‘टेरियर्स’.

नाव टेरियर, पण टेरियर नाही

तिबेटन टेरियरने कधी बीळ पाहिलेलं नाही. तिबेटच्या मठांत आणि गुराख्यांकडे राहणारा हा झुपकेदार कुत्रा. उत्तर भारतात काम करणाऱ्या ॲग्नेस ग्रेग या ब्रिटिश डॉक्टरांना १९२० च्या दशकात एका तिबेटी रुग्णाकडून असं पिल्लू मिळालं, त्यांनी ती जात वाढवली आणि भारतातल्या केनेल क्लबने १९३० च्या सुमारास तिला ‘तिबेटन टेरियर’ हे नाव दिलं. आकार टेरियरएवढा दिसला, एवढाच काय तो संबंध. म्हणजे जगभर वापरलं जाणारं हे चुकीचं नाव अस्सल भारतीय बनावटीचं आहे.

ब्लॅक रशियन टेरियर हा दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत लष्कराच्या केनेलमध्ये जायंट श्नाउझर, एअरडेल, रॉटवायलर वगैरेंच्या संकरातून तयार केलेला पहारेकरी. तो बिळात शिरायचा तर बीळ अस्वलाचं लागेल. उलट डॅशहाउंड: जर्मन भाषेत डाक्स म्हणजे बॅजर. बिळात उतरायचं सगळं काम त्याचं, पण टेरियर म्हणून त्याला कुणी मोजत नाही.

मग नावावरून स्वभाव कळत नाही?

थोडा कळतो. आमच्या शेजारच्या इमारतीत एक जॅक रसेल आहे. मीटरच्या पेटीखाली घुशीने पोखरलेली जमीन त्याला सापडली, की मालकाने पट्टा कितीही ओढला तरी तो पुढच्या दोन पायांनी माती मागे फेकत राहतो. नाक मातीत, शेपटी ताठ, भुंकणं चालू. त्याच्या बापजाद्यांनी इंग्लंड सोडून पिढ्या झाल्या असतील, पण खणणं, पाठलाग आणि भुंकणं यांसाठी वेचून वेचून वाढवलेला वंश तो विसरत नाही. फ्लॅटमध्ये शांत कुत्रा हवा असणाऱ्याने ‘लहान आहे म्हणजे सोपा’ असा हिशेब करू नये.

पण एका विशिष्ट कुत्र्याबद्दल नाव फार कमी सांगतं. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी भरलेली माहिती आणि त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा, की कुत्र्याकुत्र्यांमधल्या वागणुकीच्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून समजतो. बाकीचा वाढवण्यात, शिकवण्यात, त्या त्या कुत्र्याच्या घडणीत.

यावर लोक चिडून विचारतात: २०२२ साली लखनौमध्ये घरच्या पिटबुलने एका वृद्ध बाईंचा जीव घेतला, ते काय होतं? प्रश्न रास्त आहे. ताकदवान जबड्याच्या, झुंजीसाठी वाढवलेल्या कुळातल्या कुत्र्याने चावा घेतला तर परिणाम पॉमेरेनियनच्या चाव्यासारखा नसतो, आणि असा कुत्रा बाळगणाऱ्यावर जास्त जबाबदारी टाकणं गैर नाही. नियम करूच नका, असं माझं म्हणणं नाही. नियम ज्या शब्दावर टेकवायचा तो शब्द वजन पेलणारा हवा. ‘टेरियर’ पेलत नाही.

ब्रिटनच्या १९९१ च्या कायद्याने ‘जात’ शब्द टाळून ‘पिट बुल टेरियर म्हणून ओळखला जाणारा प्रकार’ अशी भाषा वापरली. कागदावर काहीही लिहिलेलं असो, डोकं, छाती, पाय यांची मापं जुळली की कुत्रा कायद्याच्या कक्षेत. स्टॅफर्डशायर बुल टेरियर मात्र त्या यादीत नाही. यातही वाद आहेतच. नुसत्या दिसण्यावरून संकरित कुत्रे पकडले जातात, आणि २०२३ अखेरीस एक्सएल बुली हा नवा प्रकार जोडावा लागला. पण तिथे निदान कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं हे ठरवायचा प्रयत्न तरी आहे.

आपल्या कुत्र्यांची नावं कशी पडली?

तशीच. राजपालयम हे तमिळनाडूतलं गाव, मुधोळ हे घोरपड्यांचं जुनं संस्थान, आज कर्नाटकात. दख्खनच्या माळावर सशामागे धावणारा उंच, सडपातळ कुत्रा मुधोळच्या राजेसाहेबांनी जोपासला म्हणून मुधोळ हाउंड. तोच कुत्रा काफिल्यांबरोबर आला असं मानणारे त्याला कारवान म्हणतात, आणि मराठवाड्यात शेतकऱ्याला विचारलं तर तो सरळ ‘कारवानी’ म्हणेल. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत तो कारवान हाउंड आहे. टपाल खात्याने २००५ साली भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यावर मात्र मुधोळ हाउंड छापलं आहे. पिल्लू घ्यायला गेलात आणि एकाने मुधोळ, दुसऱ्याने कारवान सांगून वेगळे भाव लावले, तर आधी दोघांची पिल्लं शेजारी उभी करून आईबाप दाखवायला सांगा.